शेषरावांनी चमकवलेलं तबक

शेषरावांबद्दल चांगलं लिहायचं तर आधी त्यांनी माझा जीव कसा खाल्ला, ते लिहायला हवं.

ते आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून जयपुरात निवृत्त झाले आणि जवाहर नगरात घर करून इथलेच झाले. 'मतलब' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. स्वच्छतेचं वेड इतकं, की झाडून झाल्यावर झाडूसुद्धा धुवायचे.

माझं संशोधन पेशीच्या आवरणावर. म्हणजे त्याच्या नकलेवर. तबकात पाणी घ्यायचं आणि त्यावर दोन जातींच्या स्निग्ध रेणूंचा अगदी पातळ थर पसरायचा. पाणी कोमट असलं की दोघे एकमेकांत मिसळून जातात. गार केलं की फारकत घेतात आणि सूक्ष्मदर्शकात गडद बेटं दिसतात. ही बेटं परीक्षकांना दाखवली की माझी पीएचडी. पण १९८७च्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याची, राजनची, बँकेनं गुवाहाटीला बदली केली आणि त्याच महिन्यात निघायचं होतं. परीक्षक पुण्याहून एकाच दिवसासाठी येणार होते. त्या दिवशी बेटं दिसली नाहीत तर चार वर्षं वाया.

एरवी तबक मीच धुवायचे. त्या सकाळी सामानाच्या ट्रकवाल्याशी हुज्जत घालण्यात उशीर झाला. तबक लखलखत होतं, म्हणून मी थेट पाणी भरलं, थर पसरला आणि गार केलं. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. बेटांचा पत्ता नाही, नुसते बटबटीत थेंब मजेत तरंगतायत. मग वास आला. खोबरेल.

"शेषराव, तबकाला काय लावलंत?"

"तेल, ताई. मतलब, आज इन्स्पेक्शन ना. फौजेत मोठे साहेब यायचे तेव्हा आम्ही सगळं तेलानंच चमकवायचो."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा चेहरा पडला. पण ते परीक्षकांसमोर जाऊन ताठ उभे राहिले. "साहेब, चूक माझी आहे. ताईंना नापास करू नका. दुपारपर्यंत वेळ द्या."

परीक्षकांची गाडी सहाची होती, ते थांबले. मी देईन त्या द्रावणानं शेषरावांनी तबक सात वेळा धुतलं. स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले आणि डोक्याला टॉवेल बांधला, कारण तेच तेल केसांनाही होतं. चार वाजता बेटं दिसली. परीक्षकांनी सही केली आणि मी मूर्खासारखी रडले.

"या, तुम्हीही बघा," परीक्षक शेषरावांना म्हणाले.

चार वर्षं रोज हे यंत्र पुसणारा माणूस आज पहिल्यांदाच त्यात डोकावत होता. मला कधी सुचलंच नव्हतं. ते खूप वेळ वाकून राहिले.

"ताई," शेवटी ते हळूच म्हणाले, "हे इतकं नाजूक असतं हे एकदा दाखवलं असतंत, तर मी तेल लावलं असतं का?"