आठातले चार भाग

उपग्रहाची चित्रं आमच्या पुण्याच्या कचेरीत नुकतीच यायला लागली होती आणि आम्ही त्यांच्यावर फार खूश होतो. एका चित्रात मूल गावावर आभाळभर सारखा, पातळ ढग दिसत होता. तिथल्या हवामान निरीक्षकाने मात्र त्याच वेळी वहीत लिहिलं होतं: आठातले चार भाग ढग, दाट. चूक त्याचीच धरून मी नोंद दुरुस्त करून घ्यायला मूलला गेलो.

इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला शाईचं पेन. त्याने चित्र दोन्ही हातांनी धरून पाहिलं. मग ओट्यावरूनच दूरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, दाखवत विचारलं, "कशी दिसते, सायेब?"

"फिकट हिरवी."

त्याने चपला काढल्या आणि मला त्या बांधावर नेलं. रोपं गर्द हिरवी होती. मधली मधली वाहून गेल्याने चिखल उघडा पडला होता.

"दुरून दोन्ही रंग मिसळते. तुमच्या उपग्रहाचं बी तसंच झालं. मी इथी मान वर करून उभा होतो. खोडणार नाई."

परतल्यावर मी अहवालात लिहिलं, चूक चित्राची. साहेबांनी विचारलं, "पुरावा काय?"

निरीक्षकाचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. तरी मी ताठ मानेने सांगितलं, "तिथे माणूस उभा होता."