सानिकाचा नंबर

आमच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो, किस्से मात्र वाढतच जातात. मंचरला गेलं की मैत्रिणी "नवीन काय?" म्हणून मागेच लागतात. हल्ली सांगता सांगता माझंच हसू आटतं.

*

तपासणी शिबिराचा फॉर्म आला. जी मुलं एका जागी बसत नाहीत, ज्यांचं लक्ष लागत नाही, त्यांना एडीएचडी आहे का हे डॉक्टर बघणार होते. प्रत्येक नावापुढे 'कधीच नाही', 'कधीकधी' की 'नेहमी' यावर टिक करून फॉर्म संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. हेडसरांनी चौथीतल्या सगळ्या मुलग्यांपुढे 'नेहमी'वर टिक केली.

"सर, सगळेच?"

"एकाला सोडलं तर त्याचा बाप भांडायला यील, मॅडम!"

*

तरी तिसरीतल्या एकाचा बाप आलाच.

"आमचं पोरगं शांत बसतंय म्हणून त्याला योजनेतनं वगळायचं व्हय?"

मी समजावलं, ही योजना नाही, तपासणी आहे.

"असू द्या. नाव तर घाला, बाई."

सरांनी घातलं.

*

सानिकाचं नाव मात्र नव्हतं. चौथीतली ही मुलगी दहा मिनिटंही बसू शकत नाही, म्हणून खडू आण, पाणी आण, हजेरी देऊन ये, अशी कामं मीच तिला लावते. वर्ग शांत राहतो. सांगायला लाज वाटते. एकदा हट्टानं वाचायला बसवलं तर रडली. "बाई, वाक्य सपायच्या आत मी भायेर निघून जाती."

तिची आई म्हणाली, "घरी पण तसंच. जेवता जेवता उठती. मारून बघितलं, देवाचं केलं. आता तुमीच बघा." शिबिरात तिला दाखवायचा मी शब्द दिला.

तिचं नाव घाला म्हटलं तर सर म्हणाले, "पोरगी लई कामाची हाय. तिला कशाला येडी ठरवता?"

*

शिबिराच्या दिवशी डॉक्टरांना बघून मुलगे तासभर हाताची घडी घालून बसले. सगळ्यांपुढे 'नॉर्मल' पडलं. खुर्च्या, पाणी, चहा, सगळं सानिकानं आणलं. शेवटी मीच म्हटलं, "हिलाही तपासा ना."

"हिला?" डॉक्टर हसले. "अहो, अशी एक मुलगी प्रत्येक शाळेत हवी!"

सकाळपासून दारात उभी असलेली तिची आई पुढं आली. "बाई, तिचा नंबर कधी?"

सानिका डॉक्टरांची बॅग गाडीत ठेवायला गेली होती.