सव्वा मूठ गहू आणि मोडकं जर्मन

निघायच्या दिवशी दुपारी धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती. दोन मोठ्या बॅगा वजन करून, दोरीनं आवळून ठेवल्या होत्या आणि मी अंगणात उभी राहून यादीवरून शेवटची नजर फिरवत होते. कुकरची जादा रिंग, लाटणं, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला, संजयच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी चष्मा लावून ती यादी माझ्या हातातून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "बठ्ठं लिखं. नी देव?"

देव लिहायचा राहिला होता. लाटणं आठवलं, देव नाही. संजय हसायला लागला. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत जाऊन त्यांनी स्वतःच्या देव्हाऱ्यातली बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा रुमालात बांधून आणली. मी म्हटलं, "अक्का, तुमचा देव्हारा रिकामा दिसेल." त्या म्हणाल्या, "मनाकडे बराच शेतस. एक लई जाय."

अशी मी शेहेचाळिसाव्या वर्षी जर्मनीत, लाइपझिगला आले. संजयच्या कंपनीनं त्याला इथल्या कारखान्यात पाठवलं, मुलगा पुण्यात शिकतोय, आणि मी धुळ्यातल्या एका शाळेची मुख्य लिपिकाची नोकरी सोडली. तुमच्यापैकी ज्यांनी मला त्या शाळेच्या ऑफिसात पाहिलंय, त्यांना सांगायला नको. खिडकीपाशी पालक आले की आधी कागद नीट लावायचे आणि मग तोंड उघडायचे. इथे आल्यावर पाळी माझ्यावर आली. बेकरीत रांगेत उभी राहिले की माझा घसा बंद व्हायचा. ब्रेडकडे बोट करायचं, एवढंच. तो कापून हवाय हे सांगता येत नसल्यामुळे आम्ही अख्खं वर्ष अख्खा ब्रेड आणला आणि घरी भाजीच्या सुरीनं वेडावाकडा कापला.

भाषेच्या वर्गात मी सगळ्यात मोठी. गृहपाठ माझा पहिला पूर्ण, शब्दांची कार्डं रंगांप्रमाणे लावलेली. लिहायला मी चांगली होते. बोलायची वेळ आली की मात्र जीभ लाकडाची. बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा झाली तेव्हा लेखी भाग निघाला, बोलण्याचा गेला, ऐकण्याचाही गेला. बी-वन नाही तर शाळेच्या काय, कुठल्याच ऑफिसात नोकरी नाही. घरी आल्यावर मी संजयला सरळ सांगितलं, "पुढच्या आखाजीपर्यंत बोलायला नाही जमलं, तर मी धुळ्याला परत जाते. अक्कांजवळ राहीन. तू सुट्टीत ये." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, म्हणून मुदत म्हणून तोच सण सुचला असावा. त्या दिवशी भांडी त्यानं घासली.

आता प्रार्थनेचं सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिऱ्या-मोहरीच्या डब्यांशेजारी अन्नपूर्णा होती. मी रोज सकाळी दिवा लावायचे (खरा दिवा लावला की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून बॅटरीचा) आणि मागण्या सांगायचे. परीक्षा पास होऊ दे. घसा मोकळा होऊ दे. मुलाचं सेमिस्टर नीट जाऊ दे. शाळेत मी वरिष्ठांकडे स्मरणपत्रं पाठवायचे, तसाच सूर. दर आठवड्याला तीच मागणी, थोड्या कडक शब्दांत. नापास झाल्यावर मला राग आला नाही, उलट एक प्रश्न पडला. अक्का रोज सकाळी देवापुढे एवढा वेळ बसतात, ओठ हलत असतात, आणि उठतात तेव्हा चेहरा कामाला लागायला तयार असतो. त्यांना कधीच काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. गुडघे दुखायचे ते दुखतातच, पांझरा नदीच्या पलीकडची जमीन गेली ती गेलीच. मग त्या तिथे करतात तरी काय? इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. फोन लावला.

"अक्का, तुम्ही देवाजवळ काय मागता?"

"मांगाले मी भिकारीन शे का?" त्या म्हणाल्या. "मी सांगस."

"काय सांगता?"

"जे व्हयनं ते. दूधवाला उशिरा उना. पायले बरं शे. शेजारनी सून चांगली शे, पन भाजीत मीठ जास्ती टाकस." मग थांबून म्हणाल्या, "त्याले बी तर कोणी सांगाले पाहिजे ना, इथे काय चालू शे ते."

मला हे फार नवं वाटलं. मागायचं नाही, अहवाल द्यायचा. अहवाल तर मला येतो! दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिले आणि लक्षात आलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या तक्रारी होत्या, आणि त्याही कालच्याच. अक्कांचा दूधवाला उशिरा आला, तो त्यांनी पाहिला होता. मी इथे काहीच पाहत नव्हते. दिवसभर पुस्तकात नाहीतर फोनवर. मग देवीला सांगायला काहीतरी हवं म्हणून पाहायला लागले. ट्रामचा चालक उतरून एका बाईची बाबागाडी वर चढवतो. खालच्या दुकानात गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, कापून मिळतो. बेकरीतल्या मुलीच्या मनगटावर मोराचं गोंदण आहे. सकाळी हे सगळं मराठीत सांगायचे.

आणि एके दिवशी माझ्यातल्या व्यवहारी बाईनं डोकं वर काढलं. रोज सांगायचंच आहे, तर ज्या भाषेचं अडलंय त्या भाषेत का सांगू नये? अन्नपूर्णा चूक काढणार नाही, भुवया उंचावणार नाही, घड्याळ बघणार नाही. त्या दिवसापासून मी देवीला जर्मनमध्ये सांगायला लागले. मोठ्यानं. सुरुवातीला तीन-चार तुटकी वाक्यं. "आज पाऊस. मी ब्रेड आणला. भीती वाटली." अक्कांना कळवलं तेव्हा त्या काळजीत पडल्या. "तिले समजस का ती भाषा?" मी म्हटलं, "तुमची अहिराणी समजते ना." पलीकडून फुसकन हसल्याचा आवाज आला.

घसा एका आठवड्यात मोकळा झाला, असं काही झालं नाही. बेकरीत बोट दाखवणं आणखी काही महिने चाललं. पण सकाळी खिडकीत उभी राहिल्यावर मला आदल्या दिवसापेक्षा एक वाक्य जास्त सुचायचं, आणि कधी कधी एक कमी. कमी सुचलं तर तेही सांगायचे. नापास झाल्यासारखं तिथे वाटत नसे. प्रार्थना म्हणजे धीर मिळणं असं आपण म्हणतो. तो मिळतो म्हणजे नेमकं काय होतं याचं मला कुतूहल होतं. माझ्यापुरतं उत्तर साधं निघालं: उद्याही कुणीतरी ऐकायला आहे, एवढं पुरतं.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. शेजारी, बाल्कनीला बाल्कनी लागून, फ्राऊ (म्हणजे श्रीमती) लेमान राहतात. सत्तरीच्या, एकट्या, झेरेनियमच्या कुंड्या एका ओळीत लावणाऱ्या. (या कुंड्यांमुळेच मला त्या आधीपासून आवडायच्या.) एक दिवस जिन्यात त्यांनी मला अडवलं आणि विचारलं, "तुम्ही रोज सकाळी कुणाशी बोलता? फोनवर समोरचं माणूस कधीच उत्तर देत नाही!" पळ काढायला जागा नव्हती, त्यांची भाजीची पिशवी मध्ये होती. मी सांगितलं. देवी, सासू, सांगणं, मागणं नाही. तुटकं, उलटंसुलटं, पण सगळं. त्यांनी मध्ये एकही शब्द दुरुस्त केला नाही. शेवटी म्हणाल्या, "ब्रेड कापून मागायला काय म्हणायचं ते देवीनं सांगितलं नाही का?" आणि मला ते वाक्य शिकवलं.

मग श्रावण आला आणि कानबाईचा रविवार. बाहेरगावच्यांसाठी एवढंच सांगते की खानदेशात कानबाई ही देवी थोरल्याच्या घरी बसते आणि सगळी भावकी तिथे जमते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन दळतात. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची भाजी, याला रोट म्हणतात. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, कण टाकायचा नाही. अक्कांनी मला बजावलं होतं की देवी तिकडे मांडायची नाही, ती धुळ्यातच बसेल. फक्त आमच्या नावाचे रोट करायचे. मी बायोलाडेनमधून, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानातून, गहू आणले आणि मूठ म्हणजे किती ग्रॅम ते काट्यावर बघायला लागले. फोनमधून अक्का ओरडल्या, "मूठ मोजू नको वं माय! मूठ ज्यानी त्यानी!" मग संजयनं स्वतःची मूठ घेतली, मी माझी, मुलाची अंदाजानं. मिक्सरवर दळलं.

पुरण शिजल्याचा वास बाल्कनीतून गेला असणार. फ्राऊ लेमान आमचा मोकळा केक-डबा परत करायच्या निमित्तानं आल्या, स्वयंपाकघरात ताटाशेजारी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हा तुमचा सण का?" मी हो म्हटलं आणि रोट बाहेरच्याला चालत नाहीत हे कसं सांगायचं ते शोधू लागले. भावकीला जर्मनमध्ये काय म्हणायचं? कुटुंब म्हटलं तर फार लहान, नातेवाईक म्हटलं तर फार लांबचे. मी शब्द शोधतेय, तेवढ्यात त्यांनी पोळीचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

असा भंग आमच्या घरात कधी झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांना मी काही बोलले नाही, उलट खीरही वाढली, कारण पाहुणीच्या हातातून घास काढून घेणं मला जमणारं नव्हतं. त्या गेल्यावर अक्कांना फोन लावला. तिकडे टाळ वाजत होते, अख्खं घर भरलेलं. मी घाबरत घाबरत सांगितलं. अक्कांनी विचारलं, "आवडनं का तिले?"

"हो. दोनदा घेतलं."

"कण टाका का तिनी?"

"नाही. ताट बोटानं पुसलं."

"मंग काय. पुढला सालले तिनी मूठ लेजो." आणि मागे कुणालातरी माझं नाव घेऊन म्हणाल्या, "वैशालीनी तठे नवी जाऊ करी ली."

हिवाळाभर नवी जाऊ बुधवारी कॉफीला यायची आणि मी आधी देवीला, मग तिला तेच सांगायचे. परीक्षा पुन्हा दिली. बोलण्याच्या भागात समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घरातला एक सण सांगा." मी कानबाईचं सांगितलं, अगदी खिडकीत उभी असल्यासारखं, घाई न करता. तो भाग निघाला. ऐकण्याचा पुन्हा राहिला. घसा मोकळा झाला, आता कान उरले आहेत! सध्या मी एका शाळेच्या खानावळीत सकाळचं काम करते. मुलं भराभर बोलतात, त्यामुळे कानांची शिकवणी फुकट.

मे महिन्यात एकदा अक्का फोनवर म्हणाल्या, "आखाजी व्हई गयी. तू उनी नही." मी कॅलेंडर पाहिलं. आठ दिवस झाले होते. परत जायची मुदत मीच घातली होती, मीच विसरले. संजयला आठवत होतं, तो मुद्दाम बोलला नव्हता. अक्का म्हणाल्या, "चांगलं व्हयनं." आणि मग, जरा हळू, "मी देवले सांगेल होतं."

काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

मागच्या रविवारी पुन्हा कानबाई. तिकडे अक्कांनी नेहमीप्रमाणे परातीत आमच्याही मुठी घेतल्या. इकडे टेबलावर मी परात ठेवली. संजयची मूठ, माझी मूठ. मुलानं पुण्याहून व्हिडिओवर स्वतःची मूठ वळून दाखवली, तेवढी मी भरली. मग फ्राऊ लेमाननी बाही वर केली, गव्हात हात घातला आणि एवढी मूठ काढली की दाणे टेबलावर सांडले. त्यांनी ते एक-एक करून वेचले. फोनच्या पडद्यावर अक्का पुढे वाकून बघत होत्या.

"दांडगी शे वं हाई!" त्या म्हणाल्या. "पीठ जास्ती व्हई, खीरले मोठी कढई लेजो."

सोमवारी सकाळी खिडकीत उभी राहून मी अन्नपूर्णेला सांगितलं की या वर्षी पीठ जास्त झालं, कढई शेजारून आणली, आणि ती अजून परत करायची आहे.