लारीवरच्या कुरोड्या

ताडपत्री फाटली नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ही हकीकत ऐकून लोक पोट धरून हसतात आणि शेवटी हटकून विचारतात, "पण फाटली कशी?" फाटली नाही! टाका उसवला नाही, कडी निखळली नाही, दोर सुटला नाही. माझं गणित बरोबर होतं. बरोबर गणित करून माणूस कुठे जाऊन पडतो, एवढंच काय ते सांगायचं आहे.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले आणि आमच्या वरवटचा कापूस खामगावला जाई. तिथल्या एका जिनिंगात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी हंगामभर वजनाच्या काट्यावर असे. वजनाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. (घरात नव्हता, पण घरात काटाही नव्हता.) माझा साळा गणपत कापसाची लारी चालवी. हंगाम सरला की ती आमच्या आवारात उभी राही. आत रिकामी, आणि वरून दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर ताणून बांधलेली ताडपत्री.

त्या चैत्रात आमच्या कमळची सोयरीक अकोटच्या देवरावजींकडे जवळजवळ जमली होती. 'जवळजवळ' राहण्याचं कारण मी. मुलगी पसंत होती, घर पसंत होतं, पण मध्यस्थ सांगून गेला, "पोरीचा बाप लय मोजूनमापून बोलते म्हन्तेत. असा व्याही जनमभर सोसाचा कसा, हे देवरावजीच्या मनात हाय. थे सोता येऊन काय थे सांगतीन." केव्हा येणार ते ठरलं नव्हतं. बायको सडा घालता घालता रस्त्याकडे पाही. कमळ जात्यावर बसली तरी तिच्या तोंडून ओवी निघेनाशी झाली होती.

होकार येवो न येवो, रुखवताच्या कुरोड्या, म्हणजे कुरडया, चैत्राच्या उन्हातच झाल्या पाहिजेत, असं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीचं म्हणणं. मागच्या वर्षीचं वाळवण शेजारच्या बकरीने खाल्लं होतं.

"अंगनात मी नाई टाकत," त्या म्हणाल्या. "रघू, दुसरी जागा सांग."

घरावर उतरती कवेलू, म्हणजे कौलं; तिथे काही पसरता येत नव्हतं. मी लारीकडे बोट दाखवलं.

"पेलन काय रे थे?"

हा प्रश्न मला विचारायला नको होता! मी सांगितलं, मागच्या पावसाळ्यात याच ताडपत्रीवर पाणी साचलं होतं. लांबी, रुंदी आणि खोली धरली तर ते कित्येक मण भरतं. त्यापुढे कुरोड्यांचं वजन म्हणजे पासंगसुद्धा नाही.

"पानी आन कुरोडी एकच काय वो?" बायकोने विचारलं.

"वजन थे वजन."

"भाऊजीनं हिशोब केला ना? मंग हत्ती नाचवा वर!" गणपत म्हणाला.

सकाळी आत्याबाईंनी घागरींवर घागरी ओतून ताडपत्री धुतली. मी मधोमध मूठ आपटून पाहिली. ढोलकीसारखी वाजली! मग दोन बाजूंना दोन बैलगाड्या लावल्या, गाड्यांवर गल्लीतल्या बाया उभ्या राहिल्या, ताडपत्रीवर जुनी लुगडी अंथरली आणि हात पुरेल तिथवर कुरोड्या पडल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. बकरीने खालून पाहिलं आणि ती निघून गेली. मी ओसरीवर बसून सुपारी कातरली.

ओलं जाड कापड आवळतं आणि वाळलं की सैल पडतं, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी वजनाचा विचार करत होतो.

दुपारी ताडपत्री वाळली. मधोमध एक खळगा दिसू लागला. मग एक लुगडं कुरोड्यांसकट हातभर आत सरकलं. मग दुसरं.

"रघू! अरे, कुरोड्या चालून राह्यल्या नं बे!"

"चालत नाईत आत्याबाई, उतार—"

"उताराचं मले नको सांगू! धर त्याईले!"

मी गाडीवर चढलो. हात पुरेना. तेव्हा मी पुन्हा हिशोब केला, की मी त्या पाण्याच्या मानाने फारच हलका आहे. (हेही बरोबर होतं.) मी पाय टाकला.

ताडपत्रीने मला पेललं. पाळण्यात घालावं तसं अलगद खाली नेलं, उताणं निजवलं, आणि मग चारी बाजूंनी सगळी लुगडी माझ्या अंगावर आली. कोपरावर उठू गेलो की आणखी एक ओळ घसरे.

"फाटली काय वो?" बायको ओरडली.

"नाई!" मी आतून अभिमानाने म्हणालो.

"मंग निघा ना बाहीर!"

तेच जमत नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी आवारात दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, बैलांची घुंगरं वाजली.

"राम राम! रघुनाथजी हायेत काय घरी?"

देवरावजी!  बाहेरून बायकोचा बारीक आवाज आला, "हायेत जी."

"कुठी?"

यजमानाने गप्प राहणं बरं दिसेना. "अथीच हाय जी, वरतं. बसा तुमी. च्या घ्या."

गाडीचं लाकूड करकरलं. ताडपत्रीच्या काठावरून आधी पागोटं, मग भरघोस मिशा वर आल्या. माझ्याही मिशा होत्या, पण त्यांवर कुरोडी बसली होती.

"काय करून राह्यले जी?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"ताडपत्रीची मजबुती पाहून राह्यलो."

"मंग?"

"मजबूत हाय."

देवरावजींच्या मिशा थरथरल्या. ते गाडीतच मटकन बसले आणि पागोटं पडेपर्यंत हसले. त्याच पागोट्याचं टोक त्यांनी माझ्याकडे फेकलं. गणपत लारीत शिरला, त्याने खालून माझ्या पाठीला डोकं लावलं, आणि वरून होणाऱ्या व्याह्याने ओढलं. असा मी वर आलो.

"मी तं भेवून होतो, बाप्पा," डोळे पुसत देवरावजी म्हणाले. "म्हटलं, या मानसासंगं बोलाचं तरी कसं! आता कायजी नाई. जमलं आपलं."

संध्याकाळी जात्यावरून ओवी ऐकू आली. तरी आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या.

मी पुष्कळ दिवस विचार केला. पावसाचं पाणी साचलं होतं, ते मधोमधच साचलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं, खोलीसुद्धा धरली होती! ताडपत्री वजन पेलते, पण ते ठेवलेल्या जागी राहू देत नाही. तेव्हापासून मी तिच्याखाली आडवे बांबू घालायला लावतो आणि वर कोणाला चढू देत नाही. हिशोब येणाऱ्याला तर नाहीच.

कुरोड्या दुसऱ्या झाल्या. पहिल्यांचा मात्र एक मोठा गोळा होऊन वाळला. त्यात माझ्या कोपराचा खळगा स्पष्ट दिसे. देवरावजींच्या आग्रहावरून तो रुखवतात मधोमध मांडला. वराकडची एक म्हातारी वाकून वाकून पाहत होती.

"हे काय वो, विहीनबाई?"

"थे?" बायको पदर सारखा करत म्हणाली. "थो आमच्या ह्याइचा हिशोब हाय."

मी मागेच उभा होतो. गोळ्याचं वजन मी आदल्या दिवशी खामगावच्या काट्यावर करून आणलं होतं. पण कोणी विचारलंच नाही.