दोघींच्या मधली बाय

"रव गे, आधी तिचां आईक." कुणी तावातावाने बोलायला लागलं की बाय उजवा तळहात वर करून एवढंच म्हणायची. मग दुसरीकडे वळून तेच कानडीत सांगायची, आणि दोन्हीकडच्या बायका गप्प व्हायच्या.

गोव्यात धारगळच्या काजू कारखान्यात मी गर सोलायला होते. बिया फोडायला बेळगावकडच्या कानडी बायका आणि सोलायला, निवडायला आम्ही पेडण्याच्या. एका छपराखाली बसायचो, पण एकमेकींची भाषा येत नव्हती. बायचं माहेर बेळगावकडचं, सासर हळर्णचं. आम्ही तिला बाय म्हणायचो, त्या अक्का म्हणायच्या.

एकदा फोडणाऱ्या बायकांतली शांतव्वा माझ्याकडे बघून बरंच काही बोलली.

"काय म्हणता गे ती?" मी विचारलं.

"तुजी साडी बरी दिसता म्हणता," बाय म्हणाली. शांतव्वाचा चेहरा बघता विषय साडीचा नसावा. पण आमचं सगळं असंच चालायचं, बायकडून गाळून आलेलं.

मग मालक थकले, कारखाना बंद करतो म्हणाले. बायने सुचवलं, आपण सगळ्या मिळून चालवायला घेऊया. मालक जागा द्यायला तयार झाले. बोलणी सुरू झाली आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन सांगितलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती लेकीचा जुना फोन घेऊन आली. त्यात बोललेलं समजून दुसऱ्या भाषेत सांगणारी एआयची सोय होती. आमची बोली त्याला कळेना, म्हणून आम्ही शाळेत धडा वाचल्यासारखं शुद्ध मराठी बोलायला लागलो. मी फोनला म्हटलं, "गर तुटतात, हळू मारायला सांग." त्याने 'गर'चं 'घर' केलं. शांतव्वा उठून माझ्याजवळ आली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, माझ्या घरी मारझोड चालते. बाय खोकला येईपर्यंत हसली. पण त्या दिवसापासून शांतव्वा जेवायला माझ्या शेजारी बसू लागली.

सगळ्यांची बैठक झाली तेव्हा फोन आमच्या मध्ये ठेवून बाय मुद्दाम लांब, दाराजवळच्या बांकावर बसली. शांतव्वा फोनसमोर बोलली आणि फोनने तिचं मराठीत सांगितलं, "कारखाना तुमचा झाला की तुम्ही आम्हाला परकं म्हणून काढून टाकाल."

आम्ही त्यांना परकं मानतो असं त्यांना वाटतं, हे इतकी वर्षं कुणी आमच्या कानावर घातलं नव्हतं.

"तुम्ही फोडल्याशिवाय आम्ही सोलणार काय?" मी फोनला सांगितलं. "कागदावर दोन्हीकडच्या बायकांची नावं बरोबरीने लागतील." शांतव्वाने ते ऐकून पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. मग मान डोलावली.

बाहेर पडताना बायने माझा दंड धरला. आवाज नुसता घोगरा उरला होता. "ह्यां ती माका कितीदा बोलली होती. मीच तुमका सांगूक नाय. भांडशात म्हणान भियालंय."

कारखाना आमचा झाला. आता फोनच्या मदतीने आम्ही दूरच्या गिऱ्हाइकांशी बोलतो, आपसात भांडतोसुद्धा. माल पहिल्यांदा बाहेर गेला तेव्हा त्यातली एक पिशवी घेऊन शांतव्वा आणि मी फोंड्याला गेलो. ऑपरेशननंतर बाय तिथे लेकीकडे राहत होती. तिला घट्ट काही गिळता येत नव्हतं. तिने एक गर बोटांत धरून उजेडात पाहिला, वास घेतला आणि पदरात ठेवला. शांतव्वा कानडीत बोलत राहिली, मी माझ्या बोलीत. बाय आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

तीच शेवटची भेट. पावसाळा लागायच्या आत ती गेली.

त्या भेटीहून परतताना बसमध्ये आम्ही दोघी एकाच बाकड्यावर बसलो होतो. फोन माझ्या पिशवीत होता आणि बोलण्यासारखं पुष्कळ होतं. धारगळ येईपर्यंत शांतव्वा खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी तिचा हात धरून बसले.