ब-७०४चा शिक्का

सर्जापूर रोडवरच्या एका गृहसंकुलाच्या कार्यालयात, तुंगाबाईंच्या टेबलावर, तीन रबरी शिक्के आहेत. पहिला ‘पाहिले’, दुसरा ‘पाठवले’ आणि तिसऱ्यावर केवळ एका फ्लॅटचा क्रमांक: ब-७०४. तो करून घेण्याचा ठराव कार्यकारिणीने एकमताने संमत केला होता. इतिवृत्तात कारण दिले आहे: ‘लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून.’

ब-७०४मध्ये श्वेता, तिचा नवरा शंतनु आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी भव्या असे नागपूरहून आलेले भाडेकरू कुटुंब राहते. तक्रारवहीतल्या ‘कोणी केले’ या रकान्यात दोन वर्षे हा शिक्का पडत राहिला.

तुंगाबाई बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. एका सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागात एकतीस वर्षे काढून त्या इथे कारकून म्हणून आल्या. वेळ नसलेली नोंद म्हणजे अफवा, असे त्यांचे मत आहे. वहीत शेवटचा रकाना त्यांनीच वाढवला: ‘स्वतः पाहिले का?’ रहिवासी तो बहुधा रिकामा सोडत.

का, ते नोंदी पाहता समजते. बेळ्ळंदूर तलावातल्या सांडपाण्याचा फेस वाऱ्याने उडून एका बाल्कनीतल्या साड्यांवर बसला: ब-७०४. लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली: ब-७०४. भव्या आजोळी नागपूरला असताना येथे वीज गेली: तीही ब-७०४.

यावरून मुलगी निर्दोष होती असे मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एका सहा वर्षांच्या मुलाला तिने मीटरच्या खोलीत कोंडले होते. पहारेकऱ्याचा फोन फोडला, स्कूटरच्या किल्ल्या पोहण्याच्या तलावात टाकल्या, एका मुलीला हॉकी स्टिकने मारले आणि प्रत्येक वेळी शांत चेहऱ्याने नाकारले. शाळेने तिला दोनदा घरी बसवले होते. इथे येण्याआधी या कुटुंबाला दोन घरे सोडावी लागली होती, हे तिसरे.

मार्चमध्ये संकुलाचे सचिव विनोदकुमार यांनी सूचना लावली: घरमालकाला भाडेकरू बदलण्यास सांगावे की नाही, हे पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत ठरेल. त्याच आठवड्यात श्वेता वहीची प्रत मागायला आली. हेब्बाळच्या बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. विद्याश्री यांनी तिला विचारले होते, काय घडले, कधी, कुठे, त्याच्या आधी काय झाले होते.

“आमच्याकडे फक्त आठवण आहे, मावशी,” श्वेता म्हणाली. “आणि आठवणीत ती रोजच सगळं करते.”

तुंगाबाईंनी शाळेचा हजेरीपट, प्रवासाची तिकिटे आणि कॅमेऱ्यांच्या नोंदी जुळवल्या. नऊ दिवस लागले. एकूण दोनशे बारा नोंदींपैकी एकशे एकोणचाळीस भव्याच्या नव्हत्या. श्वेताचा चेहरा उजळला.

“स्वल्प थांब गं,” तुंगाबाई म्हणाल्या. “त्र्याहत्तर खऱ्या आहेत. त्यातली एकही कमी करता येणार नाही.”

डॉक्टरांनी त्या त्र्याहत्तरच कामाच्या ठरवल्या. एखादी खोडी म्हणजे आजार नव्हे. पण वर्षाहून अधिक काळ, घरी आणि शाळेतही, इतरांना इजा करणारे, नियम मोडणारे तेच वर्तन दिसत असेल तर त्याला उपचार लागतात, आणि ते घरच्यांपासून सुरू होतात. खऱ्या नोंदींपैकी बहुतेक दुपारी चार ते साडेपाचमधल्या होत्या, घरात कोणी नसतानाच्या. अनेक नोंदी खोटा शिक्का पडून सर्वांसमोर ओरडा बसल्यानंतरच्या होत्या. “यानं कारण सिद्ध होत नाही,” तुंगाबाईंनी बजावले. “दोन नोंदी शेजारी आहेत, एवढंच.”

उपचाराची आखणी साधी होती. नियम थोडे, आधी सांगितलेले. मोडल्यास परिणाम छोटा, त्याच दिवशी, दर वेळी तोच: अर्धा तास काम. मारणे नाही, चारचौघांत ओरडणे नाही. चांगले केले तर नेमके काय चांगले, ते लगेच सांगायचे. चार ते साडेपाच भव्या कार्यालयात बसू लागली. शिक्का तिच्याच हाती देण्यात आला.

“लोणचं?” तुंगाबाई विचारत.

“ते मी नाही.”

“मग मारू नकोस. दुसऱ्या मजल्यावरची कुंडी?”

भव्याने शिक्का शाईत दाबून धरला. मग ठप्प.

रहिवाशांसाठी तुंगाबाईंनी चांगल्या गोष्टींची वही उघडली. पहिल्या दोन नोंदी: ‘भव्याने लिफ्टचे दार धरून ठेवले. हेतू तपासावा.’ ‘नमस्कार केला. कॅमेरा पाहावा.’

सभेच्या आदल्या दिवशी विनोदकुमारांच्या स्कूटरची दोन्ही चाके सपाट झाली. त्यांनी दोनशे तेरावी तक्रार लिहिली. पाहिले नसल्याने शेवटचा रकाना रिकामा.

रविवारी सभेत ते संपूर्ण वही वाचायला उभे राहिले. तुंगाबाईंनी हात वर केला. “विनोदण्णा, शेवटचा रकाना रिकामा असलेली तक्रार सभेत वाचता येत नाही. ठराव क्रमांक सतरा. तुमच्या कुत्र्यावर तक्रारी आल्या तेव्हा तुम्हीच केलात की!”

“अक्का, तो कुत्र्यापुरता होता!”

“तसं लिहिलेलं नाही.”

वाचण्याजोग्या एकोणीस नोंदी उरल्या. वाचन सहा मिनिटांत आटोपले.

“मग आमच्या साड्यांवरचा फेस कुणाचा?” मागून एक बाई ओरडल्या.

“तलावाचा!” कोणीतरी म्हणाले, आणि ही शक्यता सभेत प्रथमच मांडली गेली.

तेवढ्यात भव्या उठली. श्वेताने तिची ओढणी धरली. ती सोडवून मुलगी टेबलापाशी गेली, दोनशे तेरावी नोंद उघडली आणि शिक्का मारला. शेवटच्या रकान्यात तिने लिहिले: ‘हो. ६.१०.’

श्वेताने डोळे मिटून घेतले.

विनोदकुमार वहीवर वाकले. “कुणी पाहिलं?”

“मी,” भव्या म्हणाली. “मीच होते ना तिथे.”

एक वयस्कर गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “दोन वर्षांत वेळेसकट सगळे रकाने भरलेली पहिली तक्रार!”

घर रिकामे करवून घेण्याचा ठराव बारा मतांनी पडला. का पडला, हे इतिवृत्त सांगत नाही; जेवणाची वेळ झाली होती, हेही ध्यानात घ्यावे लागेल. पुढच्या तिमाहीत भव्याच्या नऊ खऱ्या नोंदी आहेत. आधीच्या तिमाहीत अठरा होत्या.

सभा उठल्यावर ती हातपंप घेऊन स्कूटरपाशी बसली. चाके दहा मिनिटांत भरली. मग तिने शेजारच्या स्कूटरची चाके तपासली, मग सायकलींची. विनोदकुमार घड्याळ पाहत उभे होते. मुलीच्या हाताला फोड आलेला त्यांना दिसला असावा.

“सरी, ठीक आहे, पुरे झालं गं,” ते म्हणाले. “जा घरी.”

भव्याने तुंगाबाईंकडे पाहिले.

“एकोणतीस झाली,” तुंगाबाई म्हणाल्या. “अजून एक मिनिट.”