बरणीतले चार बुश

उद्या सकाळी सहाला माझी थोरली लेक स्वतः बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवणार आहे, आणि माझ्या डोक्यातून नायलॉनचे चार बुश काही जात नाहीत.

बुश म्हणजे एवढंसं नळकांडं. खीळ जिथे फिरते त्या भोकात ते ठोकून बसवतात, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. थोरली कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करते. झिजलेले बुश तिच्या खिशांतून घरी येतात आणि माझ्या वॉशिंग मशिनमध्ये खडखडतात. उरलेला वेळ ती आमच्या गाडीच्या शेडमध्ये. पाच वर्षं शेडमध्ये पंख आणि गाडी रस्त्यावर उन्हात.

"विमान उडो न उडो, शेडमधून तरी बाहेर पडू दे," तिचे बाबा म्हणायचे.

"बाबा, मागची सीट तुमचीच आहे."

"मी गाडीतच बरा."

विमान चालवणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून विमानाच्या शेपटीपर्यंत जे सांधे लागतात, त्यांत कसले बुश घालायचे यावर ती महिनाभर अडली होती. गनमेटल, म्हणजे तांब्या-कथलाचा धातू, टिकतं, पण त्याला तेल लागतं, तेलावर धूळ बसते आणि धूळ सांधा खाते. हे तिनं कारखान्यात रोज पाहिलेलं. नायलॉन हलकं, तेलाची कटकट नाही. पण नायलॉन पाणी पिऊन फुगतं, हे मीच सांगितलं. रसायनशास्त्रातल्या माझ्या पदवीचा घरात झालेला हा एकमेव उपयोग.

"किती फुगतं?"

"मोजून बघ."

मग माझी काचेची बरणी खिडकीत गेली. पाण्यात चार बुश, महिनाभर.

"आई, बरणीला हात लावायचा नाही."

"बरणी माझी आहे."

"पाणी माझं आहे."

दुसऱ्याच आठवड्यात ती कारखान्याच्या कामासाठी परगावी गेली. पाण्यावर तवंग आला, वास सुटला. मी बुश बशीत काढले, बरणी घासली आणि बशी तिथेच खिडकीत विसरले. दोन आठवडे ते उन्हात वाळत पडले. ती परतायच्या दिवशी सकाळी लक्षात आलं, तेव्हा ताजं पाणी भरून परत टाकले. संध्याकाळी तिनं मायक्रोमीटर लावला.

"बघ, उगाच घाबरवलंस. फुगलेच नाहीत फारसे."

मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. बोलणी खायची तयारी नव्हती, एवढंच खरं.

थोरली कुणाच्या शब्दावर जात नाही, मोजते. पण एकदा मोजलं की त्या आकड्यावर डोळे मिटून चालते. त्या आकड्यावर तिनं सांधे अगदी नेटके, बुश फुगायला जागा न ठेवता बसवले, कारण सांधा सैल राहिला तर वेगात शेपटी थरथरते. तेव्हा हवा कोरडी होती, दांडा एका बोटानं हलत होता. उड्डाणाची परवानगी देणाऱ्या तपासनीसानं हलवून पाहिला आणि सही केली. त्यानंतर तीन आठवडे हवा ओली आहे. घरात मीठसुद्धा डब्यातून सुटत नाही.

आज जेवणाच्या वेळी तिचा धावपट्टीवरून फोन आला, रात्री ती तिथेच राहणार होती. मजेत होती. "दांडा जरासा जड लागतोय. नवा आहे, रुळेल."

मी म्हटलं, जपून. आणि फोन ठेवला.

मघाशी तिच्या बाबांना उठवून सगळं सांगितलं. ते उठून बसले.

"बरणीचं तिला माहीत नाही?"

"नाही."

"आता सांगितलंस तर सगळे सांधे उघडावे लागतील. महिना जाईल. चिडेल ती."

"चिडेल."

"मग सकाळी सांग, शांतपणे."

"सकाळी ती त्यात बसलेली असेल."

उठून त्यांनी माझा फोन चार्जरवरून काढून आणून दिला.

काय सांगायचं ते ठरलंय. पाणी बदललं, बुश दोन आठवडे वाळले, तू मोजलेला आकडा खोटा आहे. जपून बिपून काही म्हणायचं नाही. झोपेत असेल, पहिल्यांदा उचलणार नाही. उचलेपर्यंत लावत राहीन.